छोट्या रीफ टाकीत कोण कोणाबरोबर नांदेल?

१०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे वन रूम किचन. तीन, फार तर चार लहान मासे; त्यापुढे भाडेकरू नको. दुकानात अंगठ्याएवढा दिसणारा निळा टँग, म्हणजे 'फाइंडिंग निमो'तली डोरी, मोठेपणी ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याचा मोह सोडाच.

ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी मात्र शोभते. दोन्ही पिल्लंच घ्या, पण एक थोडं मोठं, एक लहान. हे मासे आधी सगळे नरच असतात; जोडीतला वरचढ मादी होतो. ज्या अ‍ॅनिमोनीत ते एरवी घर करतात, ती नसली तरी त्यांचं अडत नाही.

तळाला पिवळा वॉचमन गोबी ठेवा आणि सोबत पिस्तूल कोळंबी. कोळंबीला दिसतं कमी. ती वाळूत बीळ खोदत राहते, बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं बिळात गडप! तासभर बघत बसावं असं हे बिऱ्हाड.

फायरफिश दचकला की टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून वर जाळी हवीच. मँडरिन दिसायला पैठणीसारखा, पण तो खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो. छोट्या टाकीत ते लवकर संपतात आणि मासा डोळ्यांदेखत खंगत जातो.

सोडताना भित्रे आधी, दांडगे शेवटी. डॅमसेल स्वस्त मिळतात, पण एकदा कोपरा बळकावला की नव्या माशाला टिकू देत नाहीत. आणि त्यांना पकडायचं तर सगळे खडक उपसावे लागतात.