बाप कोण? डी.एन.ए. काय सांगतो आणि कायदा काय विचारतो

अल्लीपूरला रक्तगटांविषयी बोलत असताना अकरावीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "रक्तगट जुळला म्हणजे बाप ठरला ना?" नाही. आई 'ओ' आणि मूल 'बी' असेल, तर बापाकडे 'बी' हवा एवढेच कळते. आणि असे पुरुष गावोगाव असतात.

1984 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डी.एन.ए.चा 'ठसा' सापडला आणि चित्र बदलले. डी.एन.ए.त काही जागी चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा माळेतल्या मण्यांसारखा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक वेगळे. अशा प्रत्येक जागेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात: एक आईची, एक वडिलांची. समजा, आईचे आकडे 12 व 15 आणि मुलाचे 12 व 17. म्हणजे 17 बापाकडून आला. ज्याच्याविषयी वाद आहे त्या पुरुषाचे 13 व 16 निघाले, तर? लगेच निकाल देऊ नये. क्वचित पिढी ओलांडताना 16 चा 17 होतो! म्हणून पंधरा-वीस जागा तपासतात. अनेक जागी मेळ बसला नाही, तर तो बाप नव्हे.

सगळे जुळले, तर मात्र शक्यतेचे गणित करावे लागते. दर दहा प्रतींत एक 17 असेल, तर 17 अजिबात नसलेले पुरुष 0.9 × 0.9, म्हणजे शंभरात 81. उरलेले 19 या जागी योगायोगानेच जुळतात. अशा दहा जागा एकदम जुळण्याची शक्यता दीड कोटीत एकाहूनही कमी. (वर्गात जरूर करून पाहा.) सख्ख्या भावांना मात्र हे गणित लागू नाही; त्यांचे आकडे बरेच सारखे असतात.

कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 112 सांगे की, विवाहसंबंध चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच. पतिपत्नींचा त्या काळात संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच अपवाद. 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात नागपूर व हैदराबाद येथील दोन्ही तपासण्यांनी पतीचे पितृत्व नाकारले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाचा पुरावा गृहीतकापेक्षा वरचढ मानला. दिलेली पोटगी मात्र परत घेऊ दिली नाही.

2023 मध्ये पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाची तपासणी नाकारली. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायचा होता. त्या भांडणात मूल पक्षकारच नव्हते. आम्हाला हे दोन्ही निकाल पटतात. पहिल्यात अहवाल आधीच समोर होता. दुसऱ्यात मुलाच्या रक्ताला हात लावायचा की नाही, हेच ठरायचे होते.