निळ्या बोर्डाची नवलाई

बिघडलेला रेडिओ खोलून बसणारा आणि वडिलांची बोलणी खाणारा मुलगा पूर्वी प्रत्येक आळीत एखादा तरी असे. आज त्या वयाच्या मुलामुलींच्या हाती तळहाताएवढा निळा बोर्ड दिसतो. त्याचे नाव आर्डुइनो. त्यावरची मायक्रोकंट्रोलर चिप म्हणजे एक चिमुकला संगणकच.

याचा जन्म इटलीतल्या इव्रिया गावचा. तेथील डिझाइन संस्थेत शिकवणाऱ्या मास्सिमो बान्झींना विद्यार्थ्यांसाठी स्वस्त, सोपे साधन हवे होते. हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ‘वायरिंग’ बनवले होते. त्याच पायावर २००५ साली आर्डुइनो उभे राहिले. बारागानला मात्र हवे तेवढे श्रेय मिळाले नाही. नाव पडले ते मंडळींच्या बैठकीच्या बारवरून!

तेव्हा संस्थाच बंद पडण्याच्या बेतात होती. तिच्याबरोबर आपले कामही बुडू नये, म्हणून त्यांनी आराखडे सर्वांना खुले केले. नाव तेवढे राखीव. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वेगळ्या नावाचे तसेच बोर्ड उजळ माथ्याने विकता येतात.

पहिला धडा तेराव्या पिनेवरचा दिवा लुकलुकवण्याचा. मग कुंडीतली माती सुकली की पंप सुरू करण्याची हौस येते. रेझिस्टर न लावल्याने एखादा एलईडी जळतोही. शिकलेला आपली जोडणी नि प्रोग्राम इतरांना देतो, दुसरा तिथून पुढे जातो. आणि कुणाचे काही अडले, की जुन्या जाणत्याचा पहिला प्रश्न ठरलेला : “ग्राउंडची वायर जोडलीस का?”