टर्बो नाही म्हणजे इंजिन जुनाट?

आपल्याकडे बऱ्याच गाड्यांमध्ये साधं पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळतं आणि टर्बोला जास्तीचे पैसे मोजावे लागतात. त्यातून एक समजूत पक्की झाली आहे: टर्बो नाही म्हणजे इंजिन जुनाट, ताकद बेताची. हॅचबॅकपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण हीच फूटपट्टी पोर्श 911 जीटी3ला लावली जाते, तेव्हा राहवत नाही. "एवढी महाग गाडी आणि साधा टर्बो नाही?" अहो, त्याच कंपनीची 911 टर्बोही आहे. जीटी3मध्ये तो मुद्दाम घातलेला नाही.

आकडेच घ्या. आपल्याकडची एक लिटरची टर्बो इंजिनं साधारण 100 ते 120 पीएस देतात. जीटी3चं 4 लिटरचं इंजिन पोर्शच्या माहितीनुसार 510 पीएस देतं. म्हणजे लिटरमागे 127, तेही टर्बोशिवाय! गॉर्डन मरे यांच्या टी.50चं 3.9 लिटरचं व्ही12 तर 663 पीएसवर जातं.

हे जमतं कसं? टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, त्यामुळे एकेका स्ट्रोकमध्ये जास्त जोर मिळतो. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे एनए इंजिनाला बाहेरच्या हवेच्या दाबावरच भागवावं लागतं. मग ताकद वाढवायची तर फेरे वाढवायचे. जीटी3 9,000 आरपीएम गाठते, तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला 150 वेळा खालीवर होतो. तेवढ्या वेळात हवा आत घेऊन जळलेला वायू बाहेर टाकायचा, म्हणून सहा सिलिंडरना सहा स्वतंत्र थ्रॉटल दिलेले आहेत. लेक्सस एलएफएच्या व्ही10मध्ये कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते. ते इंजिन आयडलवरून 9,000ला 0.6 सेकंदात पोचायचं. काट्याच्या मीटरला तो वेग झेपेना, म्हणून लेक्ससने डिजिटल मीटर बसवला. याला जुनाट म्हणायचं?

मग ही इंजिनं कमी का होत चालली? फेरारी 458 ला 540 न्यूटन-मीटर टॉर्कसाठी 6,000 आरपीएम लागायचे. 2015 साली तिच्या जागी आलेली टर्बोवाली 488 निम्म्याच फेऱ्यांत 760 देते, आणि प्रदूषणाच्या चाचणीतही छोटं टर्बो इंजिन सोयीचं पडतं. इथे टर्बो सरस आहे, वाद नाही. पण पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरला तत्काळ, मोजून मिळणारा प्रतिसाद एनए इंजिनात जसा मिळतो, तसा त्यात नाही असं माझं ठाम मत आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "एनएवर बंदी आली": नाही, युरोपचे नियम धुराड्यातून काय बाहेर पडतं ते मोजतात, टर्बो आहे की नाही ते पाहत नाहीत. "हायब्रिड आली की एनए संपलं": लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोमध्ये तीन इलेक्ट्रिक मोटर आहेत, सोबत 6.5 लिटरचं एनए व्ही12ही आहे. "शेवटची कधीच येऊन गेली": फेरारीची 12 चिलिंद्री 2024 साली आली, 830 पीएस, टर्बो नाही. "टर्बो इंजिन वरच्या फेऱ्यांत दमतं": लॅम्बोर्गिनी टेमेरारिओचं टर्बो व्ही8 10,000 आरपीएमपर्यंत जातं.

आणि एक गैरसमज एनएच्या चाहत्यांचा, "आमच्या इंजिनाला घाट काय नि डोंगर काय." लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि एनए इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते.