पाहुण्या गुरुजनांचे बिऱ्हाड

फिलिपीन्स बेटांवरील तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच घरचा आहे. संस्कृतातला गुरू मलायी भाषेच्या वाटेने त्या बेटांवर पोचला आणि तिथेच रुजला. हा गुरो आता पुन्हा समुद्र ओलांडू लागला आहे, आणि या खेपेस त्याचे तोंड अमेरिकेकडे आहे. जाणाऱ्यांत बायाच अधिक असल्यामुळे यापुढे आम्ही शिक्षिका असेच म्हणू.

ही वाट पहिल्यांदा उलट दिशेने तुडवली गेली होती. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या अमेरिकन जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक मनिलाच्या बंदरात उतरले. बेटे नुकतीच अमेरिकेच्या ताब्यात गेली होती आणि तिथल्या शाळा इंग्रजीतून चालवायच्या होत्या. त्या शाळांतून इंग्रजी शिकलेल्यांच्या पणत्या शंभर वर्षांनी त्याच अमेरिकेत गणित शिकवायला जातात, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हणायचा. २००२ साली अमेरिकेत अमलात आलेल्या एका शिक्षणविषयक कायद्याने प्रत्येक वर्गाला पूर्ण पात्रतेचा शिक्षक हवा असा दंडक घातला. गणित, विज्ञान आणि मंद वा अपंग मुलांचे विशेष शिक्षण या विषयांना गोरगरिबांच्या शहरी शाळांत माणसे मिळेनात. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहराने २००५ पासून फिलिपीन्समधून शिक्षक आणण्यास आरंभ केला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. अशाच चौघींच्या पहिल्या वर्षावर रमोना डियाझ यांनी 'द लर्निंग' हा अनुबोधपट काढला, तो २०११ चा.

अशा शिक्षिकेला नव्या शहरात स्थिर होण्यास मदत करायची म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, विमानतळावर फुले द्यावी, शहर दाखवावे, थंडीचा कोट कुठे मिळतो ते सांगावे. हे सारे करावेच. पण तिच्या मानेवर पहिले ओझे असते ते कर्जाचे. निवड करून देणाऱ्या दलालाची फी, परवान्याचा खर्च, विमानाचे भाडे, कागदपत्रांची तपासणी हे सारे तिने सहसा व्याजाने पैसे काढून भागवलेले असते. दलालाने एका महिन्याच्या पगाराहून अधिक घेऊ नये असा तिच्या देशात नियम आहे. पण नियम असणे निराळे आणि तो पाळला जाणे निराळे. लुइझियाना राज्यात गेलेल्या साडेतीनशेहून अधिक शिक्षकांपैकी बहुतेकांना सुमारे सोळा हजार डॉलर मोजावे लागले होते. त्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना पंचेचाळीस लाख डॉलर द्यावेत असा निवाडा दिला. निवाडा चांगला झाला. पण तो होईतो मधली वर्षे त्यांनी कशी काढली असतील याची कल्पना करावी.

आता हे कर्ज घेऊन ती बाल्टिमोरला उतरते. तिथे पगार मिळण्यासाठी सरकारी नोंदणी क्रमांक लागतो आणि तो हाती यायला काही आठवडे जाऊ शकतात. घरमालक विचारतो, तुमचा पतीचा इतिहास काय? इथे पती म्हणजे नवरा नव्हे, बाजारातील पत. आपल्याकडे ज्याने कधी कर्ज काढले नाही तो माणूस सरळ समजला जातो. तिकडे ज्याने कधी कर्ज काढले नाही त्याची कुठेच नोंद नसते, आणि नोंद नसलेल्याला घर मिळणे कठीण. मग अधिक अनामत द्या, नाहीतर जामीन आणा. परक्या शहरात जामीन कोण राहणार? म्हणून तीन-चार जणी मिळून दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटतात. पहिल्या महिन्याची जागा शाळाखात्याने आधीच धरून ठेवणे आणि पगारापोटी थोडी बिनव्याजी उचल देणे, या दोन गोष्टींनी जेवढे काम होते तेवढे दहा स्वागतसमारंभांनी होत नाही, असे आमचे मत आहे. उचल मिळाली नाही तर ती दुसरा सावकार शोधते.

यानंतर वर्ग. मायदेशी ती वर्गात शिरली की पोरे उठून उभी राहत आणि एका सुरात नमस्कार करीत. पन्नास मुलांचा वर्ग नजरेच्या धाकात राहत असे. इथे वीस-पंचवीसच मुले, पण त्यांना तिचे उच्चार ऐकून हसू येते, कारण तिच्या बोलीत 'फ' आणि 'प' एकमेकांची जागा घेतात. एखादे पोर सरळ विचारते, "तू इथे किती दिवस टिकणार?" प्रश्न उद्धट वाटतो, पण शिक्षक वर्षा-दोन वर्षांत सोडून जाताना ज्यांनी पाहिले आहेत त्या मुलांच्या दृष्टीने तो अगदी व्यवहाराचा असतो. हे तिला कुणीतरी आधी समजावून सांगितले पाहिजे. नाहीतर ती अपमान मनात घेऊन घरी जाते आणि रडते.

गैरसमज उलट बाजूनेही होतात. फिलिपीनो माणूस भुवया उंचावून 'होय' म्हणतो. मुख्याध्यापक विचारतात, "समजले ना?" ती भुवया उंचावते. त्यांना वाटते, बाई चकित झाल्या, किंवा उत्तर द्यायचे टाळतात. शिवाय वडीलधाऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणणे, 'मला जमत नाही' अशी कबुली देणे, याची तिला लाज वाटते. 'हिया' हा त्या लाजेसाठीचा तिचा शब्द. विशेष शिक्षणाच्या वर्गात ही लाज महागात पडते. तिथे १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी योजना करावी लागते, तिच्या मुदती ठरलेल्या असतात, पालकांची बैठक घ्यावी लागते, आणि कागद चुकला तर प्रकरण वकिलापर्यंत जाऊ शकते. ज्या बाईने असा कागद जन्मात पाहिला नाही, तिने तो कसा भरायचा हे कुणाला विचारावे? मुख्याध्यापकांना विचारावे, तर वर्षअखेर तिच्या कामाचा शेरा तेच लिहिणार. म्हणून सोबतीला त्याच शाळेतला, पण शेरा न लिहिणारा एक जुना शिक्षक नेमून द्यावा, आणि त्याने आठवड्यातून एकदा तरी तिच्या वर्गात मागे बसावे.

आपल्या लोकांचा आधार तर मोठाच असतो. आधी आलेल्या बाईला नवी मुलगी 'आते' म्हणते; तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण, आपली आत्या नव्हे. तांदूळ कुठे मिळतो, कोणती बस धरावी, नाताळापूर्वीच्या नऊ पहाटप्रार्थना कोणत्या चर्चमध्ये होतात, हे आतेच सांगते. पण कायद्याच्या बाबतीत आतेला जे ठाऊक असते ते तिच्या स्वतःच्या अनुभवापुरते. तिनेही फी निमूटपणे भरलेली असते, म्हणून नवीनेही भरावी असे तिला वाटते. इथे शिक्षकसंघाचा माणूस हवा, ज्याला करारपत्र वाचता येते आणि ज्याचे तिच्याकडे काही येणे नाही.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात २०११ साली जे घडले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पुण्यातल्या घराघरांत ठाऊक असलेला तो एच-वन-बी परवाना. त्याचा खर्च मालकाने सोसायचा असतो. परगण्याच्या शाळाखात्याने तो परदेशी शिक्षकांना सोसायला लावला. सरकारी चौकशी झाली आणि १,०४४ शिक्षकांना मिळून सुमारे बेचाळीस लाख डॉलर परत करण्याचे ठरले. त्याचबरोबर दोन वर्षे त्या खात्याला परदेशी माणसांसाठी असे अर्ज करण्याची बंदी झाली. म्हणजे परवान्याची मुदत वाढवून घेणेही बंद. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांतल्याच अनेकांना नोकरीस मुकावे लागले. परवाना मालकाला बांधलेला असतो, त्याचा हा अर्थ. नोकरी सुटली की दुसरी शोधायला फार तर साठ दिवस.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. शाळाखात्यांना तो परवडणार कुठून? जे-वन नावाचा दुसरा परवाना आहे, आणि पुष्कळ शिक्षिका त्यावरच येतात. तो तीन वर्षांचा, वाढवून पाचांचा. त्यानंतर बहुधा दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. मुलांना सोबत आणता येते, पण पहिल्या वर्षी कर्जामुळे ती बहुधा आजीजवळच राहतात. उन्हाळ्यात मनिला आणि बाल्टिमोर यांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचे अंतर असते. आई रात्री आठला वह्या बाजूला सारून फोन करते तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. परत जाण्याची ती तारीख मदत करणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर कागदावर लिहून ठेवावी. कर्ज किती हप्त्यांत फेडायचे, मोटार घ्यायची की नाही, मुलांना कोणत्या इयत्तेत असताना आणायचे, हा सारा हिशेब तिथून मागे मोजीत यावा लागतो.