दोन घरांचा एक कारभार : संमिश्र क्लाऊडमधील आभासी यंत्रांचे व्यवस्थापन

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली क्लाऊड संगणनाची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत संमिश्र म्हणजे हायब्रिड क्लाऊडचे लक्षण एका वाक्यात सांगितले आहे. दोन किंवा अधिक क्लाऊड-व्यवस्था तांत्रिक दुव्याने जोडलेल्या असाव्यात, त्यांच्यामध्ये माहितीची व प्रणालींची ने-आण होऊ शकावी आणि तरीही त्यांतील प्रत्येक व्यवस्था आपापल्या जागी स्वतंत्र असावी, असा त्या वाक्याचा आशय आहे. पहिल्या दोन अंगांचा बोलबाला पुष्कळ होतो. तिसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. स्वतःच्या आवारातील सर्व्हर आणि पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेली यंत्रे ह्यांचा कारभार एकत्र हाकताना ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ मात्र ह्या तिसऱ्या अंगातच सापडते. (आवारातील प्रत्येक व्यवस्थेला काटेकोर अर्थाने क्लाऊड म्हणता येत नाही, हे खरे, मागणी करताच साधने आपोआप मिळणे, वापराचे मोजमाप होणे ही लक्षणे तीत असतीलच असे नाही. प्रस्तुत विवेचनापुरता हा भेद बाजूस ठेवण्यास हरकत नाही.)

आभासी यंत्राची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, कल्पना क्लाऊडपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग झाले व १९७२ साली ती व्हीएम/३७० ह्या नावाने ग्राहकांपुढे आली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग ह्यांनी अशा यंत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रणालीच्या, आजच्या भाषेत हायपरवायझरच्या, तीन कसोट्या मांडल्या : आभासी यंत्रातील कार्यक्रम खऱ्या यंत्रावर चालल्याप्रमाणेच चालावा, त्याच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थीवाचून थेट प्रोसेसरने पार पाडाव्यात, आणि सर्व साधनांवर पूर्ण ताबा हायपरवायझरचाच असावा. एक्स८६ जातीचे प्रोसेसर आपल्या मूळ घडणीमुळे ह्या कसोट्यांस उतरत नव्हते. व्हीएमवेअरने १९९९ साली आज्ञांचे चालता चालता रूपांतर करून ती उणीव झाकली, आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी ह्यांनी प्रोसेसरांतच तशी सोय करून दिली.

तीन कसोट्यांपैकी ताब्याची कसोटी येथे निर्णायक ठरते. आवारातील हायपरवायझर संस्थेच्या व्यवस्थापकाच्या हाती असतो. कोणते यंत्र कोणत्या सर्व्हरवर ठेवावयाचे, एका प्रोसेसरवर किती यंत्रांचा भार टाकावयाचा, हे तोच ठरवितो. क्लाऊडमध्ये हायपरवायझर पुरवठादाराचा असतो व ग्राहकाला तो सामान्यतः दिसतही नाही. ॲमेझॉनने २००६ साली आपली सेवा झेन ह्या हायपरवायझरवर सुरू केली आणि २०१७ पासून नव्या यंत्रांसाठी वेगळीच घडण स्वीकारली. तळाशी केवढा पालट झाला तरी ग्राहकाच्या हाती होती ती केवळ विनंती करण्याची सोय. म्हणूनच दोन्ही बाजूंची यंत्रे एकाच पडद्यावर एकाच रंगात दाखविणारी साधने जपून वाचावी लागतात. ‘प्रोसेसरचा वापर ८० टक्के’ हा आकडा दोहोंकडे सारखा दिसला तरी त्याचा अर्थ सारखा नसतो. क्लाऊडमधील एक आभासी प्रोसेसर म्हणजे पुष्कळदा खऱ्या गाभ्याचा एक धागा, अर्धा हिस्सा; आवारात तोच गाभा चार-पाच यंत्रांत वाटलेला असू शकतो. शेजारच्या यंत्रामुळे होणारा खोळंबा आवारात शोधता येतो, क्लाऊडमध्ये त्याचे केवळ अनुमान करावे लागते.

आवारातील ताबा तरी निर्वेध असतो काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. सर्व्हर स्वतःच्या मालकीचे, पण त्यांवरील हायपरवायझर भाड्याचा, अशी स्थिती त्यामुळे अनेक संस्थांच्या वाट्यास आली.

आता ने-आणीकडे वळू. निरनिराळ्या हायपरवायझरांच्या डिस्क-फायलींचे स्वरूप भिन्न असते, परंतु एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणारी साधने सहज उपलब्ध आहेत. ती अडचण किरकोळ होय. खरी अडचण चालू यंत्र हलविण्याची. २००५ साली केंब्रिज व कोपनहेगन विद्यापीठांतील संशोधकांनी ह्यासाठी जी रीत मांडली, ती अशी : यंत्र चालू असतानाच त्याच्या मेमरीची सर्व पाने नव्या ठिकाणी पाठवावयाची, तेवढ्या अवधीत जी पाने बदलली ती पुन्हा पाठवावयाची, आणि उरलेली पाने अगदी थोडी झाली की यंत्र क्षणभर थांबवून तीही धाडावयाची. त्यांच्या एका प्रयोगात खेळाचा सर्व्हर अवघा ६० सहस्रांश सेकंद थांबला.

ह्या रीतीचे यश एका गुणोत्तरावर अवलंबून आहे. समजा, यंत्राची मेमरी ६४ गिगाबाइट आहे आणि त्यातील पाने सेकंदाला १०० मेगाबाइट ह्या गतीने बदलतात. एकाच दालनातील जोडणी सेकंदाला १० गिगाबिटची, म्हणजे १,२५० मेगाबाइटची असेल, तर पहिली फेरी सुमारे ५१ सेकंदांत आटोपते, दुसरी ४ सेकंदांत, तिसरी सेकंदाच्या एकतृतीयांशात. क्लाऊडकडे जाणारा मार्ग १ गिगाबिटचा धरला, तर पहिल्याच फेरीला ५१२ सेकंद लागतात, दुसरीला ४१०, तिसरीला ३२८. प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या चारपंचमांश उरते. पाने बदलण्याचा वेग १२५ मेगाबाइटच्या पुढे गेला, तर फेऱ्या कधीच आटोपत नाहीत. शिवाय दालनात डिस्क सहसा सामाईक साठ्यात असते, ती हलवावी लागत नाही. दूर जाताना तीही न्यावी लागते. १० टेराबाइट माहिती त्याच मार्गाने, अन्य कोणतीही वाहतूक नाही असे मानले तरी, २२ तास घेईल. बटण तेच, क्रिया मात्र निराळी.

अंतराचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. पुण्यातील एखादे विद्यापीठ निकालाच्या दिवशी येणारा भार पेलण्यासाठी संकेतस्थळाची यंत्रे क्लाऊडमध्ये वाढविते व गुणांची नोंदवही आवारातच ठेवते, असे धरू. प्रकाशतंतूमधून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. क्लाऊडचे केंद्र मुंबईत असले तर जाण्यायेण्यास दोन सहस्रांश सेकंद धरावेत. सिंगापूरला, सुमारे चार हजार किलोमीटरांवर असले, तर किमान ४०. एक निकालपत्र दाखविण्यासाठी नोंदवहीस एकामागून एक २०० प्रश्न विचारले जात असतील, तर पहिल्या स्थितीत ०.४ सेकंद जातील, दुसरीत ८. दालनात हे २०० प्रश्न कोणाच्या लक्षातही आले नसते. कोणती यंत्रे एकमेकांशी किती वेळा बोलतात हे मोजल्यावाचून त्यांची ताटातूट करू नये, हे ह्यावरून उघड होते. आणि हे मोजमाप फार थोड्या ठिकाणी आधी केले जाते.

दैनंदिन व्यवस्थापनाची प्रचलित दिशा अशी की यंत्रे कशी असावीत हे लिहून ठेवावयाचे आणि प्रत्यक्ष स्थिती त्या लेखाशी जुळविण्याचे काम प्रणालीवर सोपवावयाचे. टेराफॉर्म आणि क्यूबरनेटीज ही दोन्ही साधने २०१४ सालची. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आझूर आर्कद्वारे आवारातील सर्व्हरही क्लाऊडच्या नोंदीत आणण्याची सोय केली. ही दिशा योग्यच आहे. मात्र लेखातील ‘आणखी दहा यंत्रे’ ह्या शब्दांचा परिणाम दोन घरांत दोन प्रकारचा होतो : आवारात जागा संपली की मागणी अडते, क्लाऊडमध्ये ती बहुधा मान्य होते आणि बिल वाढत जाते. विसरलेले यंत्र आवारात जागा अडवून बसते, क्लाऊडमध्ये तासागणिक पैसे खाते.

दुवा तुटला म्हणजे मात्र सर्व प्रश्न एकदम समोर येतात. वापरकर्त्यांची ओळख पटविणारी निर्देशिका केवळ आवारात असेल, तर क्लाऊडमधील यंत्रे धडधाकट असूनही त्यांत प्रवेश मिळत नाही. नियंत्रणाचा पडदा क्लाऊडमध्ये असेल, तर आवारातील यंत्रे डोळ्यांआड जातात. याहून घातक प्रसंग नोंदवहीच्या दोन प्रतींचा. दुवा तुटल्यावर प्रत्येक बाजूस दुसरी मृत भासते. दोन्ही बाजूंनी स्वतःलाच मुख्य मानून नोंदी स्वीकारल्या, तर फेरतपासणीनंतरचे गुण एका प्रतीत व जुने दुसरीत, असे घडते, आणि दुवा पूर्ववत झाल्यावर खरी प्रत कोणती हे यंत्रास सांगता येत नाही. नेटवर्क दुभंगले असता संपूर्ण सुसंगती व अखंड उपलब्धता ही दोन्ही राखता येत नाहीत, हे गिल्बर्ट आणि लिंच ह्यांनी २००२ साली गणिताने सिद्ध केले आहे. त्यामुळे कोणत्या बाजूने थांबावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते, आणि कौल देण्यासाठी ह्या दोन्ही घरांबाहेर, वेगळ्या मार्गाने जोडलेला एक तिसरा साक्षीदार सर्व्हर नेमावा लागतो. गुणांच्या बाबतीत थांबावयाचे ते क्लाऊडमधील प्रतीने की आवारातील, हा निर्णय संगणक-विभागाने एकट्याने घेण्याजोगा नाही. तो परीक्षा-विभागाकडून लेखी घेतलेला बरा, आणि तोही निकालाच्या हंगामापूर्वी.