लांबच्या प्रवासात गाडी नेमकी कधी थांबवायची? उत्तर इंदापूरच्या रस्त्यावर आहे

तुळजापूर, अक्कलकोट, सोलापूर किंवा थेट हैदराबाद. मुंबईहून या बाजूला गाडीने जायचं म्हटलं की बहुतेक घरांत एकच बेत ठरतो. "रात्री जेवून निघू, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी दर्शनाला हजर."

दहाच्या सुमारास गाडी निघते. एक्स्प्रेस वेवर एकदा चहा होतो. पुणे मागे पडतं. यवत, पाटस, भिगवण जातं आणि इंदापूरच्या आसपास घड्याळात तीन-साडेतीन वाजलेले असतात. मागच्या सीटवर सगळे गाढ झोपलेले असतात. जागा असतो तो फक्त गाडी चालवणारा, आणि तोही किती जागा आहे हे कुणी बघत नसतं.

रस्ता मोकळा मिळतो हे खरं. पण झोपेचा जोर सगळ्यात जास्त असतो ती वेळसुद्धा हीच.

इंदापूरच का?

पुणे-सोलापूर अंतर साधारण २५० किलोमीटर. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता त्याला ६५ क्रमांक आहे. पुण्यापासून भिगवण साधारण १०० किलोमीटरवर आणि इंदापूर १४० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पुण्याहून निघालेली गाडी दोन-अडीच तासांनी इंदापूर तालुक्यात असते आणि सोलापूरचा निम्मा रस्ता संपलेला असतो.

आता माणसाच्या शरीराचं घड्याळ बघा. दिवसाच्या चोवीस तासांत झोपेची ओढ दोन वेळा वाढते. एकदा पहाटे साधारण २ ते ६ या वेळेत आणि दुसऱ्यांदा दुपारी २ ते ४ च्या दरम्यान. दुपारची ही सुस्ती फक्त जेवणामुळे येते असा समज आहे. जेवणाने ती वाढते, पण कमी जेवलं तरी ती येतेच.

रात्री दहाला मुंबईहून निघालेली गाडी इंदापूरला पोहोचते ती पहाटेच्या पट्ट्यात. दुपारी बाराला पुण्याहून निघालेली गाडी इंदापूरला पोहोचते ती दुपारच्या पट्ट्यात. निघण्याच्या दोन्ही लोकप्रिय वेळा गाडीला याच टापूत आणून सोडतात.

त्यात रस्ता चौपदरी, बराचसा सपाट आणि सरळ. पूर्वी महामार्ग गावांतून जायचा. एसटी स्टँड, बाजार, चौक, गतिरोधक, समोरून येणारा ट्रॅक्टर यामुळे ड्रायव्हरला सतत काहीतरी करावं लागायचं. बायपास झाले आणि वेळ वाचला, पण हाताला आणि डोळ्यांना काम उरलं नाही. एकसारखा रस्ता, एकसारखा वेग, इंजिनाचा एकसारखा आवाज. मेंदूला नवीन काही मिळालं नाही की तो सुस्तावतो. यालाच 'हायवे हिप्नोसिस' म्हणतात. डोळे उघडे असतात, पण गेल्या दहा किलोमीटरमध्ये काय दिसलं ते आठवत नाही.

डुलकी किती सेकंदांची असते?

गाडी चालवताना लागणारी डुलकी बहुतेक वेळा काही सेकंदांचीच असते. अनेकदा ती लागली होती हे त्या माणसाला कळतही नाही.

गणित सोपं आहे. ताशी ९० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंद डोळे मिटले तर गाडी १०० मीटर पुढे गेलेली असते. तेवढा वेळ ब्रेकवर कुणी नाही आणि स्टेअरिंगवरही कुणी नाही. म्हणूनच डुलकीने होणारे अपघात जास्त गंभीर असतात. टक्कर व्हायच्या आधी वेग कमी करायला माणूस जागा नसतो.

दुसरी तुलना आणखी बोलकी आहे. सलग १७ तासांच्या आसपास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं अभ्यासांत दिसलं आहे. भारतात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून दिवसभर ऑफिस केलेला आणि रात्री स्टेअरिंगवर बसलेला माणूस मध्यरात्रीच हे १७ तास पूर्ण करतो. इंदापूर येईपर्यंत २० तास होतात. त्याने दारूचा थेंबही घेतलेला नसतो आणि त्याला पकडणारं कोणतंही यंत्र नाक्यावर नसतं.

काच खाली करून, गाणी लावून झोप जाते का?

हे उपाय सगळेच करतात. काच खाली करणं, गाण्यांचा आवाज वाढवणं, तोंडावर पाणी मारणं, बडीशेप चघळणं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात यातल्या थंड हवा आणि रेडिओ या दोन उपायांची चाचणी घेतली. दोन्हींचा फायदा किरकोळ आणि थोडा वेळच टिकणारा निघाला. काच खाली केल्याने झोप जात नाही, फक्त थोडी लांबते.

खरा उपयोग होतो तो दोनच गोष्टींचा, थोडी झोप आणि कॅफिन. दोन्ही एकत्र घेतली तर आणखी चांगलं. पद्धत अशी:

- गाडी सुरक्षित जागी लावायची आणि एक-दोन कप कडक कॉफी प्यायची.
- लगेच सीट मागे करून १५ ते २० मिनिटं डोळे मिटायचे. मोबाईलवर गजर लावायचा.
- कॉफीचा असर व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. जाग येते तेव्हाच तो सुरू झालेला असतो.
- उठल्यावर लगेच गाडी सुरू करायची नाही. पाच-दहा मिनिटं चालायचं, तोंड धुवायचं आणि मगच निघायचं.

झोप अर्ध्या तासाच्या पुढे गेली तर माणूस जड डोक्याने उठतो, म्हणून वेळ आखूड ठेवायची. गाडीत झोपताना इंजिन बंद आणि काच थोडी खाली हवी. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं धोक्याचं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचू शकतो. त्याला वास नसतो.

आणि मुळात रात्रीची झोपच राहिली असेल तर कॉफी फार तर तास-दोन तास तारून नेते. मग लॉजवर खोली घेऊन सकाळी निघणं हाच उपाय.

मग थांबायचं कधी?

आपल्याकडे थांबायचं कारण सहसा भूक असते किंवा लघवी. ड्रायव्हरला झोप आली म्हणून थांबणं जरा कमीपणाचं वाटतं. "अजून पन्नास किलोमीटर तर आहे, मारतो की" हे वाक्य तिथूनच येतं.

ब्रिटनमध्ये वाहनचालकांसाठी जे नियमपुस्तक आहे, त्यात दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं थांबा असा सल्ला आहे. युरोपीय संघात ट्रक आणि बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्र ठेवतं. भारतातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको आणि त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी असं ठरवून दिलं. पण तो पगारी चालकांसाठी होता. स्वतःची गाडी घेऊन निघालेल्या कुटुंबाला कोणीही थांबवत नाही. तिथे नियम घरच्यांनीच करायचा.

या रस्त्यापुरता तो सोपा आहे. पुण्याहून निघालात तर भिगवण ते इंदापूर या टप्प्यात एक थांबा ठरवून टाका. झोप आली असो वा नसो. झोप जाणवायला लागल्यावर जागा शोधायची तर ती सापडेपर्यंत दहा-वीस किलोमीटर त्याच अवस्थेत जातात.

या थांब्याचा मागे बसलेल्यांनाही फायदा आहे. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसलं तर पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वयस्कर माणसं आणि गरोदर बाई गाडीत असेल तर दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करणं गरजेचंच आहे.

कुठे थांबायचं, कुठे नाही?

या पट्ट्यात हॉटेलांची कमी नाही. भिगवणला उजनीच्या मासळीची ताटं प्रसिद्ध आहेत. पण भर दुपारी मासळीचं भरपेट जेवण करून लगेच स्टेअरिंगवर बसणं म्हणजे झोपेला बोलावणं. ड्रायव्हरने हलकं खावं किंवा जेवणानंतर थोडं थांबून निघावं. उजनीचं पाणी बघायला बाहेर पडलात तरी तेवढी वीस मिनिटं कामी येतात. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्यात जुनं पळसदेव गाव गेलं. पाणी आटलं की तिथलं पळसनाथाचं मंदिर वर दिसतं.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. उजेड, वर्दळ, स्वच्छतागृह आणि गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला लावता येईल एवढं आवार. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत मिळायला हवं असा तेल कंपन्यांचा नियम आहे. तेल भरा किंवा नका भरू, विचारायला संकोच नको. पाटस आणि इंदापूरजवळच्या सरडेवाडी टोलनाक्याच्या आसपासही मदत मिळू शकते. महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा क्रमांक आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

थांबायचं नाही ती जागा एकच, रस्त्याची कड. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गाडी लावली तरी ती रस्त्यावरच असते आणि मागून येणाऱ्या गाडीचा चालकही तितकाच झोपेत असू शकतो. उसाच्या हंगामात तर हे आणखी जपायला हवं. बारामती आणि इंदापूर हा साखर कारखान्यांचा टापू. दिवाळीच्या सुमारापासून पुढचे काही महिने रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसला तर ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. अर्धवट झोपेतल्या ड्रायव्हरला तेवढं अंतर पुरत नाही.

सगळं ड्रायव्हरवरच का?

नाही. थांबायला जागा नसेल तर सल्ला देऊन काही होत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हा त्यावर पुरेशी स्वच्छतागृहं, उपाहारगृहं आणि विश्रांतीच्या जागा नव्हत्या. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन २५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर हायवे हिप्नोसिस आणि रस्त्यावरच्या सोयी यावर राज्यभर चर्चा झाली.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'हमसफर' धोरण आणलं. महामार्गालगतचे ढाबे, हॉटेलं आणि पंप यांची नोंदणी करायची, स्वच्छतागृह, बाळाला दूध पाजण्यासाठी खोली, पार्किंग अशा सोयी बघायच्या आणि प्रवाशांना रेटिंग देऊ द्यायचं, अशी ती कल्पना. पंपांवर चालकांसाठी झोपण्याची सोय हाही त्याचा भाग आहे. ट्रकचालकाला चहा कुठेही मिळतो. पाठ टेकायला सुरक्षित जागा मिळत नाही.

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हरही असाच. तो आदल्या दिवशी दुसरी ट्रिप करून आलेला असू शकतो. पण "साहेब, झोप येतेय, थांबू का?" हे तो विचारत नाही, कारण पुढचं भाडं जायची भीती असते. अशा वेळी गाडीतल्या कुणीतरी म्हणायला हवं, "दादा, चहा घेऊ आणि तुम्ही अर्धा तास पडा. आम्हाला घाई नाही." पुढच्या सीटवर बसणाऱ्याने जागं राहायचं आणि ड्रायव्हरकडे लक्ष ठेवायचं. सारख्या जांभया, उगाच लेन सोडणं, मान खाली जाणं, वेग अचानक कमी-जास्त होणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या पंपावर गाडी आत घ्यायला सांगायचं.

हे इथल्या लोकांना नवीन नाही

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच टापूतून जाते. बारामतीनंतर बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूरचं रिंगण आणि मुक्काम. पाटस, बारामती, इंदापूर मार्गे जाणाऱ्या १३० किलोमीटरच्या पालखी महामार्गाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. त्यात वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला चालण्याची वेगळी वाट धरलेली आहे.

वारीत कुठे विसावा घ्यायचा, कुठे दुपारचं जेवण आणि कुठे मुक्काम हे निघण्याआधीच ठरलेलं असतं. कोण दमलं, कोण नाही, हे विचारून विसावा होत नाही. वेळ झाली की पालखी थांबते आणि हजारो माणसं तिच्याबरोबर बसतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा पेट्रोल, फास्टॅग आणि हवा बघून झाल्यावर एवढंच ठरवा. पहिला विसावा कुठे, दुसरा कुठे आणि गाडीत जागं कोण राहणार.