सेलूचा नगराध्यक्ष, परभणीचा महापौर

नाली तुंबली तर कुणाला धरायचं? परभणी जिल्ह्यात याचं उत्तर गावागणिक बदलतं. परभणी शहरात महानगरपालिका आहे. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा आणि सोनपेठला नगर परिषदा आहेत, तर पालमला नगर पंचायत. पाणी, दिवाबत्ती, सफाई, जन्म-मृत्यूच्या नोंदी ही कामं सगळीकडे सारखीच. कायदे मात्र दोन आहेत: नगर परिषदा आणि नगर पंचायती 1965 च्या कायद्याने चालतात, महापालिका 1949 च्या.

महापालिकेसाठी राज्यात 3 लाख लोकसंख्येचा निकष आहे. 2011 च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या भरली 3,07,170, म्हणजे काठावर पास. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला नगर परिषदेची महापालिका झाली.

या बढतीमुळे परभणीच्या मतदाराच्या हाती आज एक गोष्ट नाही. सेलूकर आपला नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडतात. (ही पद्धत 2016 मध्ये पुन्हा आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली.) परभणीकर महापौर निवडत नाहीत, अडीच वर्षांसाठी त्याची निवड नगरसेवक करतात. शिवाय महापौराचा मान मोठा असला, तरी अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. सभागृहाला ते नको असतील, तर एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश जणांनी तसा ठराव करावा लागतो.

मग नगरसेवक करतात काय? खरी किल्ली स्थायी समितीत आहे. मोठी कंत्राटं आणि अंदाजपत्रक या समितीच्या सोळा सदस्यांपुढून जातात. अंदाजपत्रकावर शेवटची मोहोर सर्वसाधारण सभेची. ‘आयुक्त ऐकत नाहीत’ असं सांगणाऱ्या नगरसेवकाला म्हणूनच विचारावं, की अंदाजपत्रकाच्या सभेत आमच्या प्रभागासाठी काय मागितलंत?

हे विचारायलाही कुणी नसण्याचा काळ परभणीने पाहिला आहे. 2017 मध्ये निवडून आलेल्या 65 नगरसेवकांची मुदत 2022 च्या मे महिन्यात संपली. पुढचं मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून नेमलेल्या एकट्या आयुक्ताकडे होते. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि राबवणाराही तोच. घरपट्टी, नळपट्टीची बिलं मात्र तेव्हाही येतच होती. महापालिकेत आयुक्त बलवान असणं कायद्यालाच अभिप्रेत आहे. पण त्याला जाब विचारणारं सभागृहही त्याच कायद्यात आहे, आणि ते वेळेवर निवडून आलं नाही तर कायदा अर्धाच लागू होतो.